पुढे चालणारा

“...आणि शेवटचं मागे वळून कधी पाहिलंत?” फादरांनी विचारलं.

रघुवीर इनामदार मठाच्या दारात उभा होता. केसांतून पाणी निथळत होतं. पाऊस नव्हता. धुकंच तेवढं ओलं होतं.

“एका पुलावर,” तो म्हणाला.

“कुठल्या?”

“...आठवत नाही.”

“पण पाहिलं होतंत?”

रघुवीरने केसांतलं पाणी पुसलं.

फादर पास्कोल मच्याडो मूळचे वसईचे. तरुणपणी इटलीला आले आणि व्हेनिसमधल्या या लहानशा मठात म्हातारे झाले. आदल्या दिवशी रघुवीर आणि त्याचे दोन मित्र त्यांना भेटून गेले होते. वसईच्या एका ओळखीच्या बाईंनी फादरांसाठी सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, दिली होती, ती पोचवायला. या शहरात मराठी कळणारं दुसरं कुणी त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून आज रघुवीर धावत इथे आला होता.

त्याचे दोन मित्र म्हणजे श्रीपाद बोडस आणि श्रीपादची बायको सुलभा. सांगलीच्या कॉलेजात तिघे एका वर्गात होते. आता तिघांनीही साठी ओलांडली होती.

रघुवीरचा जन्म धरणांच्या कामांवर गेला, आणि सुट्ट्या सह्याद्रीत. डोंगरात तो कायम सगळ्यांच्या पुढे. जो बघत नाही त्याचा रस्ता चुकतो, असं तो म्हणायचा, आणि त्याचा कधी चुकलाही नव्हता.

श्रीपादने आयुष्यभर गणित शिकवलं. वर्षभरापासून त्याच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटायला लागली होती. आधी शब्द. मग माणसांची नावं. मग घराच्या कोपऱ्यावरचा रस्ता. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा सुलभाने मनाशी ठरवलं, याला कळतंय तोवर जग बघून घ्यायचं. रघुवीर म्हणाला, मी येतो बरोबर.

त्या दिवशी सकाळी सुलभाचा गुडघा सुजला. ती लॉजवर थांबली. दोघे पायी शहर बघायला निघाले. निघताना ती रघुवीरला म्हणाली की त्याच्याकडे लक्ष ठेव. रघुवीर हसला. भर पावसात अनोळखी पोरं कड्यावरून खाली आणलीत मी, असं काहीतरी बोलला.

दुपारी समुद्रावरून धुकं आलं.

आधी घुमट गेले, मग छपरं, मग समोरच्या घराच्या खिडक्या. बोळ इतके अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. बोळ संपला की पूल, नाहीतर चौक, नाहीतर नुसत्या पायऱ्या... खाली काळ्या पाण्यात उतरणाऱ्या. त्यांना कठडा नव्हता.

रघुवीर पुढे होता. तो बोलत होता. हे सगळं शहर चिखलात ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभं आहे, हे तो सांगत होता. पाण्याखालचं लाकूड कुजत का नाही, हे त्याने समजावलं. धरणाच्या पायाशी त्याची तुलना केली. एक पूल झाला, दुसरा झाला. मग त्याने विचारलं, “श्रीपाद, सांग बघू, वजन सगळ्यात जास्त कुठे येत असेल?”

उत्तर आलं नाही.

तो वळला.

मागे धुकं होतं.

त्याने हाक मारली. हाक भिंतींवर आपटून परत त्याच्याकडेच आली. आलेल्या वाटेने तो पळत गेला, पण आलेली वाट कुठली ते त्याला कळेना. प्रत्येक बोळ तोच वाटत होता. मधोमध दगडी विहीर असलेल्या एका चौकात तो शिरला, तिथून बाहेर पडला, आणि पुन्हा त्याच चौकात आला. श्रीपादकडे फोन नव्हता. तो वापरायचा कसा, हे त्याला हल्ली आठवत नसे.

चौकात एक पोलीस भेटला. पोलिसाने मोडक्या इंग्रजीत विचारलं, कोटाचा रंग कुठला?

रघुवीरला सांगता येईना.

सकाळपासून तो ज्या माणसाबरोबर चालत होता, त्याने काय घातलंय हे त्याने पाहिलंच नव्हतं.

तेव्हा त्याचे हात थरथरायला लागले, ते अजून थांबले नव्हते. खिशातला फोन तीनचारदा वाजून गेला होता. सुलभाचा. त्याने तो उचलला नव्हता.

हे सगळं त्याने दारात उभ्या उभ्या फादरांना सांगितलं. फादरांनी ऐकून घेतलं. ते आत गेले, पोलिसांना आणि इस्पितळाला फोन केला, काठी घेतली आणि बाहेर आले.

“चला,” ते म्हणाले.

रघुवीर पुढे झाला. सवयच होती. फादर मागून येत होते, काठी टेकत.

चालता चालता रघुवीर बोलत होता. पोलीस कसे ढिम्म आहेत, या पायऱ्यांना कठडे का नाहीत, श्रीपादने एक हाक तरी मारायला नको का. मग म्हणाला, सुलभाला काय सांगू... तोंड कसं दाखवू. मग पुन्हा कठड्यांवर आला. पाण्याच्या कडेला पोचला की तो वाकून खाली बघायचा आणि जास्तच भराभर चालायला लागायचा.

एका वळणावर त्याने विचारलं, “फादर, डावीकडे की उजवीकडे?”

उत्तर आलं नाही.

तो वळला. मागे कुणी नव्हतं.

“फादर?”

काठीचा आवाजही बंद झाला होता. तो कधी बंद झाला, हे त्याला कळलं नव्हतं.

“फादर...”

कुठेतरी पाणी दगडावर चुळुक चुळुक आपटत होतं. कुठल्या बाजूला, ते समजत नव्हतं. रघुवीरने एक पाऊल पुढे टाकलं आणि मागे घेतलं. पुढे जमीन आहे की पाणी, याची त्याला खात्री वाटेना. कड्यावर दोर सुटला तेव्हाही असं झालं नव्हतं. 

त्याने हात लांब केला. भिंत लागली. ओली, गार. तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला, आणि ज्या बाजूने आलो असं वाटत होतं, त्या बाजूला टक लावून बघत राहिला.

बराच वेळ गेला... निदान त्याला तसं वाटलं.

मग अगदी जवळून, चार हातांवरून, फादर म्हणाले, “इथेच आहे मी.”

ते एका बंद दाराच्या कोनाड्यात उभे होते.

रघुवीरला आधी रडू आलं आणि मग राग आला. “मुद्दाम केलंत?”

“हो.”

“माझा मित्र तिकडे पाण्यात...”

फादरांनी काठीने तो उभा होता ती जागा दाखवली. “तुम्ही पळाला नाहीत.”

“कुठे पळणार? काही दिसत नव्हतं.”

“मग काय केलंत?”

“उभा राहिलो.”

“का?”

“...तुम्ही परत याल म्हणून.”

धुक्यात त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता.

रघुवीर हळूच खाली बसला, भिंतीला टेकून, ओल्या दगडांवर.

“तो हरवलेला नाही,” तो म्हणाला. “मी हरवलोय.”

“तुमचे मित्र शेवटचं काय बोलले, आणि कुठे?” फादरांनी विचारलं.

रघुवीरने डोळे मिटले. आपण काय बोललो, ते त्याला शब्दन्‌शब्द आठवत होतं. खांब, चिखल, लाकूड. श्रीपादचं आठवायला वेळ लागला. मग आठवलं, आणि त्याने फादरांना सांगितलं. एका पुलावर श्रीपादने विचारलं होतं, सुलभा कुठे आहे? आणि रघुवीर न थांबता म्हणाला होता, आहे रे, तिथेच आहे. आणि पुन्हा खांबांवर गेला होता.

“पुलाखाली काय होतं?”

“एक होडी. बांधलेली. तिच्यावर भाजी, फळं विकायला ठेवली होती... वांगी, संत्री.”

“तो पूल मला माहीत आहे,” फादर म्हणाले. “आता मी पुढे चालतो.”

ते निघाले. रघुवीर त्यांच्या मागून, त्यांच्या पाठीवरची नजर न हलवता. आता तो बोलत नव्हता.

वाटेत एका कालव्याच्या काठावर माणसं गोळा झालेली दिसली. दोघे जण वाकून लांब आकडीने पाण्यातून काहीतरी ओढत होते. काळं, जड, फुगलेलं. बाजूला उभ्या एका बाईने तोंडावर हात धरला होता.



फादर थांबले. पुढे गेले नाहीत, मागेही वळले नाहीत. त्यांचे ओठ हलत होते.

आकडी वर आली. बुडालेल्या होडीवरची ती ताडपत्री होती. ती दगडांवर पसरली आणि तिच्यातून पाणी वाहायला लागलं. बाई त्या दोघांना काहीतरी बोलली आणि निघून गेली.

रघुवीर भिंतीला टेकला. फादरांनी त्याच्या दंडाला धरलं. फादरांचा हातही थरथरत होता, हे त्याला तेव्हा कळलं.

“तुम्हीसुद्धा?” त्याने विचारलं.

“मी इथे आयुष्य काढलंय,” फादर म्हणाले. “या पाण्याला मी रोज भितो.”

आणखी एक बोळ गेला. मग पूल आला. भाजीची होडी आवरली गेली होती, तिच्यावर दिवा लावलेला होता. त्या दिव्याच्या उजेडात पुलाच्या पायरीवर एक माणूस बसलेला दिसला. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे ओले. कोट करड्या रंगाचा होता.

रघुवीर धावला. जवळ जाऊन एकदम थांबला. श्रीपादने त्याच्याकडे पाहिलं, पण परक्या माणसाकडे पाहावं तसं.

“तुम्हाला वर जायचंय का?” श्रीपादने अदबीने विचारलं आणि थोडा सरकून वाट दिली. “माझा एक मित्र पुढे गेलाय. मी त्याच्यासाठी थांबलोय.”

रघुवीर पायरीपाशीच उभा राहिला.

“फार वेळ झाला हो,” श्रीपाद म्हणाला. “एकटाच आहे. त्याला वाटतं, आपल्याला सगळे रस्ते माहीत आहेत... मला भीती वाटते त्याच्यासाठी. म्हणून मी जागा सोडली नाही.”

रघुवीर त्याच्या शेजारी पायरीवर बसला. श्रीपादचे हात बर्फासारखे गार पडले होते. त्याने ते आपल्या हातांत घेतले. श्रीपादने घेऊ दिले, जरा संकोचूनच. फादर पुलाच्या पायथ्याशी उभे राहिले.

थोड्या वेळाने श्रीपादने त्याच्याकडे पुन्हा पाहिलं. या वेळी निरखून.

“रघू,” तो म्हणाला. “आलास का?”

“आलो.”

“बरं झालं.”

मग रघुवीरने सुलभाला फोन केला. काही झालं नाही, असं सांगणं सोपं होतं. त्याने तसं सांगितलं नाही. मी बोलत पुढे गेलो, म्हणाला, आणि हा मागे राहिला, धुक्यात, पाण्याच्या कडेला, एकटा. सापडलाय. पलीकडून तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग तिने विचारलं, “त्याने काही खाल्लंय का?”

फादरांनी त्यांना लॉजपर्यंत सोडलं. श्रीपाद मधे होता. एका बाजूला फादर, दुसऱ्या बाजूला रघुवीर. जिथे बोळ अरुंद झाला तिथे रघुवीर मागे राहायचा. एकदाही पुढे गेला नाही.

लॉजच्या दारात सुलभा उभी होती, भिंतीला धरून, दुखऱ्या गुडघ्यावर. तिने श्रीपादचा ओला कोट काढून घेतला आणि त्याला आत नेलं. मग रघुवीरकडे तिने पाहिलं. ते पाहणं त्याला सोसलं नाही.

तो बाहेरच थांबला. फादर जायला निघाले होते.

“फादर, एक विचारू?”

फादर थांबले.

रघुवीरने हात पुढे केले. ते अजूनही थरथरत होते. तो म्हणाला की आयुष्यात तो असा कधी भ्यायला नव्हता. आता उद्याचा विचार केला तरी भीती वाटते. दार उघडं राहिलं तर... रात्री श्रीपाद उठून बाहेर पडला तर... सांगलीला गेल्यावर तरी काय, तिथेही रस्ते आहेत, विहिरी आहेत, नदी आहे. एवढी भीती पोटात घेऊन माणसाने जगायचं कसं. तुम्ही इतकी वर्षं प्रार्थना करता. काहीतरी सांगा.

“ही भीती जाईल ना, फादर?”

फादरांनी त्याचे हात आपल्या हातांत घेतले. थोडा वेळ तसेच धरून ठेवले. मग सोडले.

“जायला लागली की लगेच कळवा,” ते म्हणाले. “मला पुन्हा शोधायला निघावं लागेल.”