पोपटाच्या झाकणाचा डबा

इनामदार तुळाजीरावांना जुन्या वस्तू जमवण्याचा भारी नाद, आणि त्या फुकटात मिळवण्याचा त्याहून भारी. कुणाच्या घरी गेले, की तिथल्या समईची नाहीतर अडकित्त्याची इतकी तारीफ करत, की "आवडलं तर न्या की, सरकार" असं त्या बिचाऱ्याला म्हणावंच लागे. सरकार खरोखरच नेत.

एकदा स्वारी कृष्णाक्काच्या ओसरीवर येऊन टेकली. झाकणावर पोपट बसवलेला पितळी डबा समोरच होता. अक्काच्या आईची तेवढीच आठवण.

"वा! काय घडण आहे! आमच्या दिवाणखान्यात शोभेल."

दारात सगळी आळी जमली होती. अक्का हसली. "न्या की, सरकार. पण तुमच्या हाती रिकामा डबा कसा देऊ?" आत जाऊन तिने तो बेसनाच्या लाडवांनी गच्च भरून आणला.

इनामदार खुशीत पायरी उतरले, तोच अक्का सर्वांदेखत म्हणाली, "लाडू संपले की सावकाश धाडा डबा. आणि शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, हे इनामदारांच्या घराण्याला मी काय सांगावं?"

चौथ्या दिवशी डबा परत आला, बदामाच्या वड्यांनी भरून.

तेव्हापासून इनामदार कुणी दिलेला कुठलाही डबा घेण्याआधी हळूच झाकण उचलून आत बघतात.