गिडियनच्या रीलमधली मोकळी जागा

स्कॉटलंडच्या उत्तरेला, भर समुद्रात, हेल्डा नावाचं एक बेट आहे. तिथे झाड औषधालाही सापडायचं नाही, वारा मात्र हवा तेवढा. फार जुन्या काळी या बेटावर गिडियन नावाचा एक फिडलवाला राहायचा. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. त्यावर तो रील, म्हणजे नाचाची जलद चाल, वाजवू लागला की चुलीपाशी पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांचेही पाय हलायचे, असं म्हणतात.

हात गोड, पण राग जमदग्नीचा. त्याच्या एकुलत्या एका लेकीने, ऑस्लाने, समोरच्या बेटावरचा मॅग्नस नावाचा कोळी पसंत केला आणि गिडियनचं डोकं फिरलं. त्या बेटाशी त्याचा उभा दावा होता. कशावरून, ते आता कुणालाच आठवत नाही. "या लग्नात मी फिडलला हात लावणार नाही," त्याने सांगून टाकलं.

लग्नाच्या सकाळी नवऱ्यामुलाची होडी तिकडून निघाली आणि निम्म्या वाटेत धुकं उतरलं. किनाऱ्यावरच्या माणसांना स्वतःचे पाय दिसेनात. पाण्यातले खडक मात्र जागच्या जागी होते. हाका मारून मारून लोकांचे घसे बसले. ऑस्ला लग्नाच्या कपड्यांतच घरी धावली.

"बाबा, राग नंतर काढा. आधी त्याला सुखरूप आणा."

लेकीचा चेहरा बघून गिडियनचा राग कुठच्या कुठे गेला. किनाऱ्यावरच्या कड्यावर उभं राहून त्याने रील सुरू केली. आणि नेमकी सगळ्यात बारीक तार तुटली. चालीत एका ठिकाणी त्या तारेवाचून भागतच नव्हतं. तिथे त्याने तारांवरून गज उचलला आणि टाच आपटली. पुढच्या फेरीला सगळ्या गावाने आपटली. कडा दणाणला, असं म्हणतात. समुद्राने तेवढ्यापुरती लाट धरून ठेवली, असंही म्हणतात.

होडीतल्यांना सूर चारी बाजूंनी ऐकू येत होते, दणका मात्र एकाच बाजूने. मॅग्नस त्या रोखाने वल्हवत आला. गिडियनने हात देऊन त्याला वर घेतलं.

"उशीर केलास," एवढंच तो म्हणाला, आणि तुटक्या तारेनिशी लग्नात दिवसभर वाजवत राहिला.

हेल्डावर अजून प्रत्येक लग्नात ती रील वाजते. चारही तारा शाबूत असतात, तरी त्या जागी वाजवणारा गज उचलतो आणि सगळं वऱ्हाड टाच आपटतं. समुद्राकडचं दार तेवढा वेळ उघडं ठेवतात. एखादा परका वादक तिथे सूर भरायला गेलाच, तर कुणीतरी म्हातारी त्याचा हात धरते.

"तिथे नको रे. अजून कुणी यायचं असेल."