एकोणचाळीस टाकलेले बैल

सावंतवाडीत लाकडी खेळण्यांची स्पर्धा होती. कुंदा चितारींचा चाकांवरचा बैल सगळ्यांना आवडला. तेवढ्यात कुणीतरी परीक्षकांच्या, म्हणजे प्राचार्य वाघळ्यांच्या कानावर घातलं, की बैलाचं चित्र एआयनं काढलंय.

"बाई, बैल यंत्राचा, मग बक्षीस तुम्हाला कशाला?" प्राचार्यांनी भर मंडपात विचारलं.

कुंदाबाई तीस वर्षं लाकूड तासत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, यंत्रानं चाळीस बैल दिले. कुणाची शिंगं टोकदार, कुणाची चाकं पोराच्या घशात अडकतील एवढी बारकी. दात येणारं पोर खेळणं आधी तोंडात घालतं, हे यंत्राला काय ठाऊक? एकोणचाळीस मी टाकले. उरलेल्याची शिंगं बोथट केली आणि मग लाकूड हातात घेतलं."

"टाकणं हे काय काम झालं?" प्राचार्य हसले.

कुंदाबाईंनी त्यांच्या खांद्यावरच्या शालीकडे बघितलं. "सर, सकाळपासून तुम्हीही साठातली एकोणसाठ खेळणी बाजूलाच काढताय की! त्यासाठीच तर आम्ही तुम्हाला ही शाल दिली."

मंडप खदखदून हसला. प्राचार्यांनी ती शाल उतरवली आणि कुंदाबाईंच्या खांद्यावर घातली.