जपानहून आलेली डीव्हीडी

आंबेखिंड नावाच्या गावात बजरंग मिठारी नावाचा एक कॉम्प्युटरवाला राहत होता. गाव सगळं कुस्तीचं. तिथं शेळीची धार काढायची असली तरी माणूस आधी मांडीवर शड्डू ठोकणार! आणि 'मला येत नाही' असं कुणाच्या तोंडून निघालं, तर त्याची पाठ मातीला लागली असं धरणार. मग बजरंग तरी ते कसं म्हणेल?

गावच्या तालमीत शेळके वस्ताद मुलींना मल्लखांब शिकवत. पंच हिंदुराव अण्णांना ते मुळीच पटत नव्हतं. "पोरींचं खांबावर काय काम? बंद करा," असं ते उठता बसता म्हणत. अशात काय झालं, वस्तादांची शिष्या तेजल हिला थेट जपानच्या मेळ्यातून बोलावणं आलं! पोरगी गेली, खेळली, परत आली. मागोमाग तिच्या खेळाची डीव्हीडीही आली. अण्णा म्हणाले, "दाखवा बघू. बघूनच ठरवू, पोरींचा मल्लखांब ठेवायचा का मोडायचा."

डीव्हीडी चालवील असा कॉम्प्युटर गावात एकच, बजरंगचा. तो तालमीत आणला. भिंतीवर चित्र पाडायला प्रोजेक्टर लावला. मुंगीला शिरायला जागा उरली नाही. बजरंगनं शड्डू ठोकला, डीव्हीडी आत सरकवली, आणि चित्रच नाही! नुसती सूचना आली. ही डीव्हीडी दुसऱ्या मुलखासाठी बनवली आहे, योग्य मुलूख निवडा, पण तो मोजक्याच वेळा बदलता येईल. शहाण्यानं वाचलं असतं. बजरंगनं वाचलं नाही. वाचत बसलो तर लोक म्हणतील, गड्याला येत नाही!

हाताला आलं ते नाव त्यानं दाबलं. चित्र नाही. दुसरं दाबलं. नाहीच. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, जपानची हाय न्हवं ती!" मग त्यानं जपान दाबलं आणि अहाहा, भिंतीवर तेजल! काय त्या टाळ्या, काय त्या शिट्ट्या! पण ती खांबावर गरकन फिरली मात्र, अंगावर आडव्या रेघाच रेघा. कंगव्याचे दात उमटावेत तशा.

"ही पोरगी हाय का चटई?" अण्णा खदाखदा हसले.

बजरंग गडबडला. "मुलूखच चुकला!" म्हणत त्यानं चौथंच नाव दाबलं. होतं तेही चित्र गेलं.

आता सूचना ठळक अक्षरात आली. लोक ओरडत होते, "दाब की रं! ठोक शड्डू!" बजरंगचा हात मांडीकडे गेलाही. तेवढ्यात त्याला वस्ताद दिसले. म्हातारा हात जोडून कोऱ्या भिंतीकडे बघत बसला होता. बजरंगचा हात थबकला. त्यानं पहिल्यांदाच सूचना अख्खी वाचली. मुलूख आता एकदाच बदलता येईल, मग कायमचं कुलूप!

"वस्ताद, मला येत न्हाई," तो म्हणाला. "काही न वाचताच दाबत हुतो."

"लागली का पाठ?" अण्णांनी विचारलं.

"लागली, अण्णा."

"लागली तर लागली," वस्ताद म्हणाले. "आता घाई कुणाला हाय? नीट आठव. चित्र कवा दिसलं?"

"जपान दाबलं तवा."

"आणि रेघा?"

"पोरगी फिरली तवा. उभी हुती तवर चित्र साफ हुतं," म्हणता म्हणता बजरंगच ताडकन उठला. "वस्ताद! मुलूख बरोबर हुता! खोट दुसरीकडंच हाय!"

शेवटची संधी त्यानं जपानला दिली. मग डीव्हीडी चालवणाऱ्या प्लेयरच्या सेटिंगमधली एकेक ओळ वाचत गेला. पोरं खिदळली, तरी वाचत गेला. हलत्या चित्रातल्या रेघा काढायची एक सोय तिथं होती, आणि ती बंद होती. त्यानं ती चालू केली.

आणि मग काय विचारता! तेजल सरसर खांबावर चढली, उलटी झाली, दोन्ही हात सोडून भिंगरीसारखी फिरली, आणि रेघ म्हणून नाही! तिकडं जपानी माणसं उठून उभी राहिली, इकडं अख्खी आंबेखिंड उभी राहिली. वस्ताद हसत होते आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. अण्णांचा फेटा कधी सुटला, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

खेळ संपला. अण्णा वस्तादांजवळ आले आणि खाली बघत म्हणाले, "वस्ताद, माझी नात आठ वर्षांची हाय. उद्यापास्नं धाडू का?"

तात्पर्य: 'मला येत नाही' असं वेळेवर म्हणणाऱ्याच्या हाती एक तरी संधी उरते, ऐटीत न वाचता दाबत सुटणारा सगळ्याच घालवून बसतो.