पागोट्यावर न बसणारा हेडसेट

करवंदगडच्या महाराजांचा पॉडकास्ट कुणी ऐकेना. सतरा भाग झाले, ऐकणारे तीन, त्यातल्या दोघांनी चुकून लावलेला. शेवटी महाराजांनी स्वतःच एक भाग ऐकायला घेतला, तर त्यात महाराज कुठेच नव्हते. दिवाणजींचा अडकित्ता होता, मामासाहेबांचा खोकला होता, राजवैद्यांचे ढेकर होते, आणि दर वाक्यानंतर चाळीस घशांतून "वाहवा महाराज!"

करवंदगडात दोन रीती फार कडक. पहिली, महाराज काहीही बोलले की दरबारातल्या ज्येष्ठांनी वाहवा म्हणायची. महाराज "पाणी द्या" म्हणाले तरी वाहवा, आणि पाणी मात्र कुणी आणायचं नाही. दुसरी रीत महाराजांच्या टकल्या पणजोबांची. महाराजांचं उघडं डोकं पाहील त्याचे डोळे जातात, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून राजाचा न्हावीसुद्धा डोळ्यांना पट्टी बांधून हजामत करी. महाराजांच्या दोन्ही कानांवर त्याच्या खुणा होत्या.

पॉडकास्टवर दिवाणजींनी उपाय काढला. ऐंशी हजारांचा हेडसेट मागवला. कानांच्या वाट्या परातीएवढ्या, पट्टा इतका ऐसपैस की पागोट्यावरून सहज बसे. त्यात ढेकर तर आलेच, शिवाय कशाचे ते कळायला लागलं.

"दोष गावातल्या भोंग्यांचा," दिवाणजी म्हणाले. सत्तर वर्षांच्या अनुभवातून त्यांना एवढंच सुचलं. गावातले सगळे भोंगे जप्त झाले.

त्यात केवडाचे चार होते. केवडा गुरव लग्नांना, जत्रांना स्पीकर लावायची. जत्रा आठ दिवसांवर आली होती, आणि त्या जत्रेवरच तिचं आणि तिच्या आईचं वर्ष निघायचं. ती तडक दरबारात शिरली.

"माझे भोंगे द्या."

"कोणापुढे बोलतेस कळतं का?" मामासाहेब खोकले. "शिक्षण काय तुझं?"

"नववीतून सोडली शाळा."

"का?"

"शिकवायला तुमच्यासारखे होते."

महाराजांना हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत दाबलं. "भोंगे मिळतील, पोरी. मला असा हेडसेट आणून दे की त्यात फक्त माझा आवाज येईल. किंमत हजाराच्या आत, कारण खजिना त्या ऐंशी हजारांतच आटला. आणि या ज्येष्ठांपैकी कुणाला गप्प बसा म्हणायचं नाही, बाहेर जा म्हणायचं नाही. मीही म्हणणार नाही. ते मला वडिलांच्या जागी आहेत."

"वाहवा महाराज!"

"आणि नाही जमलं तर भोंगे वितळवून पिकदाण्या करू," दिवाणजी म्हणाले. "रविवारपर्यंत मुदत."

केवडाने महाराजांच्या कानांकडे एकदा नीट पाहिलं आणि निघाली.

बाजारात ती गेली ती काखेत भोपळा घेऊन. भोपळ्याला आजोबांचं पागोटं गुंडाळलेलं. दुकानदार एकेक हेडसेट काढी, ती भोपळ्याला लावून बघे.

"हा बघा ताई, मोठ्यातल्या मोठ्या डोक्याला बसतो."

"मग नको. न बसणारा दाखवा."

दुकानदाराने आधी तिच्याकडे पाहिलं, मग भोपळ्याकडे, आणि मुकाट्याने तळातला खोका काढला. वायरचा साधा हेडसेट. आखूड पट्टा, तोंडापाशी येणारी दांडी, दांडीच्या टोकाला माइक, त्यावर फोमची टोपी. शेजारच्या गिरणीची घरघर चालू असताना केवडाने त्यात बोलून, ऐकून पाहिलं. आवाज तिचा स्वच्छ आला, मागे गिरणी मात्र बारीक ऐकू येत होती.

"ही गिरणी येते थोडी," दुकानदार ओशाळला.

"येऊ दे. तिचा बंदोबस्त आहे माझ्याकडे. केवढ्याला?"

"आठशे चाळीस."

रविवारी दरबार भरला. महाराजांनी हेडसेट पागोट्यावर दाबला, तो उडाला. पुन्हा दाबला, पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा तो राजवैद्यांच्या मांडीवर जाऊन पडला.

दिवाणजी खूश झाले. "हिला डोक्याचं मापसुद्धा कळत नाही."

"माप डोक्याचंच आहे," केवडा म्हणाली. "पागोट्याचं नाही. महाराज, दांडी ओठांपासून दोन बोटांवर ठेवा, रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबा आणि बोला."

महाराजांनी क्षणभर विचार केला. मग दोन्ही हात वर नेले आणि पागोटं उचललं.

चाळीस ज्येष्ठ डोळे मिटून जे सुटले, ते एकमेकांवर आपटत, पिकदाण्या लाथाडत दारापाशी. ज्यांना गुडघ्यांमुळे वाकून मुजरा जमत नसे, तेही उंबऱ्यावरून उडी मारून गेले. सगळ्यांत शेवटी केवडा पाठमोरी बाहेर पडली आणि तिने दार ओढून घेतलं.

तासाभराने महाराजांनी पागोटं चढवून सगळ्यांना आत बोलावलं आणि भाग लावला. अडकित्ता नाही, खोकला नाही. फक्त महाराज.

"अट मोडली!" दिवाणजी ओरडले. "हिने आम्हाला बाहेर घालवलं."

"मी एका शब्दाने बोलले नाही. महाराजही बोलले नाहीत. पळालात तुम्ही."

"मग आमच्या ऐंशी हजारांच्या हेडसेटमध्ये काय वाईट होतं?"

"तो पागोट्यावर बसत होता."

महाराज मात्र अजून ऐकतच होते, आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. आत त्यांचा स्वच्छ आवाज आपल्या डाव्या गुडघ्याविषयी एकविसावं मिनिट बोलत होता.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "मी एवढा कंटाळवाणा आहे?"



"ते मला काय माहीत, महाराज? आजपर्यंत तुम्हाला कुणी ऐकू तरी कुठे दिलं?"

महाराज इतके हसले की पागोटं डोळ्यांवर आलं आणि पुढच्या रांगेने भीतीने डोळे मिटून घेतले.

"हिचे भोंगे द्या," महाराज डोळे पुसत म्हणाले. "तो महागडा हेडसेटही द्या, जत्रेत ढेकर ऐकवायला कामाला येईल. आणि हे सगळं या ज्येष्ठांनी स्वतः डोक्यावर घेऊन जत्रेच्या माळापर्यंत पोचवायचं. चालत."

दिवाणजींनी मामासाहेबांकडे पाहिलं, मामासाहेबांनी राजवैद्यांकडे. पण महाराज बोलले होते, आणि रीत म्हणजे रीत.

"वाहवा महाराज," चाळीसजण म्हणाले आणि भोंगे उचलायला वाकले.