पितळी मोर आणि न्यायाचा दंड

एका राज्यात एक राजा होता आणि तो फार थकला होता. नाव त्याचं भद्रसेन. लढाया करून थकला नव्हता, न्याय करून थकला होता.

एका मांत्रिकाने त्याला चंदनाचा दंड दिला होता. दरबारात कुणी भांडत आलं की दंड आपोआप वळे आणि अपराध्याकडे टोक करून थांबे. कधी चुकला नाही. देताना मांत्रिक एवढंच म्हणाला होता, "राजा, हा दरबारातला. याला घराचा उंबरा ओलांडू देऊ नकोस."

पुष्कळ वर्षं राजाने ते पाळलं. मग एका संध्याकाळी तो दरबारातून तसाच जेवणघरात आला, दंड हातातच. बघतो तर राणी मृणालवतीचा लामणदिवा जमिनीवर पडलेला. तिच्या आईने दिलेला दिवा. साखळी तुटली होती, वरचा पितळी मोर निखळला होता. विचारपूस करायचं त्राण राजाला नव्हतं. त्याने दंड पुढे केला. तो वळला आणि राजपुत्र चंद्रकेतूपाशी थांबला.

"अपराधी ठरला," राजा म्हणाला. "यापुढे हा पंगतीला बसणार नाही. वेगळा जेवेल."

तेवढ्यात तिघांच्या पाटांमध्ये काळ्या दगडांचा एक थर उगवला. आणि दंड राजाच्या तळहाताला चिकटला तो सुटेना.

मग रोजच काही ना काही निघे. दूध कुणी उतू जाऊ दिलं, उलट कोण बोललं. दंड वळे, राजा निवाडा करी, भिंत एका थराने चढे. काही महिन्यांत ती छताजवळ पोहोचली. तिघं तीन कोनाड्यांत जेवू लागली, एकमेकांना दिसेनाशी झाली. वरच्या फटीतून एक म्हातारी साळुंकी तेवढी निरोप नेई-आणी.

"राणी विचारते, भाजीत मीठ बरोबर आहे का?"

"सांग, आहे."

"अजून चाखली कुठे आहेस? तुझं खोटं पोचवायला मी पंख झिजवू?"

साळुंकी राजाच्या ताटाच्या कडेवर उतरली. "आणखी एक थर, राजा, आणि फट बुजली. मग बायको नाही, मुलगा नाही. मीही नाही. ऊठ, मांत्रिकाकडे जा."

राजा उठला. डोंगर चढला, बसत बसत चढला. मांत्रिक पावटे सोलत होता. त्याने मान वर केली नाही.

"नेलास ना घरात?"

"नेला."

"अपराधी सापडला?"

"दर वेळी."

"आणि घर?"

राजाने दंड चिकटलेला हात पुढे केला. मांत्रिकाने सूप बाजूला सारलं. "तीन कामं कर. काय झालं ते विचार आणि पुरतं ऐक. कुणाला कुठे लागलं ते विचार. मग ज्याला लागलं त्यालाच विचार, आता काय केलं म्हणजे बरं वाटेल. सांगेल ते कर. दिव्यावरचा मोर ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी गप्प."

राजा परतला, साळुंकीकरवी दोघांना मोराचा नियम कळवला आणि भिंतीला पाठ टेकून बसला. मोर राणीने ओच्यात जपला होता. साळुंकीने तो चोचीत धरून राजपुत्राकडे नेला.

"चंद्रकेतू, त्या दिवशी काय झालं?" राजाने विचारलं.

"महाराज मला नदीवर नेणार होते. मी सकाळपासून नवे जोडे घालून दाराशी बसलो होतो. दिवेलागणीला कुणी म्हणालं, आता दरबार उठायला उशीर आहे. मी जोडा काढून भिरकावला. तो दिव्याला लागला."

राजाच्या हातात दंड थरथरला. "म्हणजे तूच—" एवढं तोंडातून निघालं, आणि वर दगड करकरले. फट अर्धी झाली.

"मोर कुणाकडे आहे?" साळुंकी किंचाळली.

राजाने ओठ चावला. दंड काखेत दाबून धरला. दगड थांबले.

"तो आजीचा दिवा होता, मला ठाऊक होतं," पलीकडून आवाज आला. "आई, चुकलं माझं."

भिंतीचा वरचा थर विरून गेला. मोर राणीकडे गेला.

"तुला कुठे लागलं, राणी?"

"दिवा माझा होता. निवाडा तुमचा झाला, शिक्षा तुमची झाली, मला कुणी विचारलंच नाही. दिवा गेला तो गेला. वर मुलगाही दिसेनासा केलात."

पुष्कळ थर एकदम विरले. आता भिंतीवरून तिचा केवडा माळलेला अंबाडा दिसत होता. तिने भिंतीवरून मोर राजाच्या मांडीवर सोडला.

मोर त्याने उलटासुलटा केला. "नदीवर येतो म्हणालो आणि विसरलो," तो अखेर म्हणाला. "थकलो होतो. दंड पुढे करायला जोर लागत नाही, विचारायला लागतो."

तेव्हा दंड वळला. राजाकडे टोक करून थांबला आणि त्याच्या हातातून गळून पडला.

"आता काय करू?" राजाने राणीला विचारलं.

"दिवा जोडा. तुम्ही दोघं. तांबटाला बोलवायचं नाही."

भिंत गुडघ्याइतकी उरली होती. राजपुत्र ती ओलांडून आला. बापलेकांनी साखळीची एकेक कडी वाकवली. दोघांचीही बोटं सोलवटली. दिवा टांगला तो तिरकाच. राणीने वात लावली आणि म्हणाली, "राहू दे तसाच." जेवण निवलं होतं. तिघं निवलेलंच जेवली.

सकाळी राजा उरलेल्या दगडांवर बसून जोडे घालू लागला. राजपुत्राने आपले नवे जोडे आणले. पाय आत जाईना. जोडे तेवढेच होते, मुलगा वाढला होता.

राजाने ते जोडे बाजूला ठेवले. मग त्याने स्वतःचेही काढून ठेवले.

"बाबा, दरबार?"

"थांबेल."

दोघं अनवाणीच नदीकडे निघाले. साळुंकी पुढे उडत होती, तिच्या चोचीत निरोप नव्हता. मागे भिंतीचा शेवटचा थर मातीत मिळाला. दंड दरबारात गेला, मोर घरात राहिला, जिथलं तिथे झालं. ऐकणाऱ्यांच्या घरीही होवो.