टाकेखिंडीची सारजा

गप्प बसा रे जरा, आणि मधे बोलायचं नाही. टाकेखिंडीतून नवा नवा रस्ता झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते मला विचारू नका, माझ्या आजालाही सांगता यायचं नाही.

खिंडीच्या खाली सारजा आणि तिचा नवरा बयाजी राहायचे. बयाजी मालट्रक चालवायचा. चढ संपला की सगळे ड्रायव्हर खिंडाईला नारळ फोडायचे, आणि आमच्याकडची रीत अशी की गाडीसुद्धा देवीच्या पायाशी न्यायची. रस्त्यावर उभी केली तर म्हणे देवीचा अपमान! म्हणून त्या दिवशीही बयाजीची गाडी थेट गवतात. चैत्रातलं वाळकं गवत, कमरेएवढं, आणि चढ चढून तापलेला सायलेन्सर त्याला टेकलेला. बयाजी देवीपुढं हात जोडून उभा होता, तोवर मागं धूर निघाला. सारा डोंगर जळाला. गावाचा वर्षाचा चारा गेला, गोठे गेले. माणसं वाचली एवढंच नशीब. लोक जाब विचारायला वर धावले, तर बयाजी गाडी घेऊन पसार. तोंड दाखवायची लाज वाटली असणार. तो परत आलाच नाही.

गाव सारजाला वाट्टेल ते बोललं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "येईल तो. पण काळा डोंगर लांबनंच दिसला, तर तिथनंच माघारी फिरेल. डोंगर पुन्हा जळता कामा नये."

झालं! तेव्हापासून दिवाळी सरली की ती कुदळ घेऊन रस्त्याच्या दोन्ही कडांचं गवत मुळासकट खरवडायची. तेही पहाटेच्या दवात. उन्हात कुदळ दगडावर बसून ठिणगी उडाली तर? देवळापुढं तिनं दगडी फरशी अंथरली. ड्रायव्हर कुरकुरले की म्हणायची, "देवीला मी सांगते, तू गाडी फरशीवर घे." एखाद्या गाडीची साखळी रस्त्यावर घासत, ठिणग्या उडवत आली, तर तिला तीन वळणं आधीच ऐकू यायचं, असं म्हणतात. मग ही बाई रस्त्यात आडवी.

"म्हातारे, मरशील!"

"मरेन की. आधी साखळी वर बांध."

साखळी बांधून झाली की ती वाकून केबिनमधला चेहरा बघायची आणि बाजूला व्हायची. दिवसाला वीस गाड्या, आणि वीस वेळा तो नाही.

मग एका वैशाखात खालच्या वळणावर एका ट्रकचा ब्रेक जाम झाला, चाक तापून पेटलं आणि जळतं रबर खरवडलेल्या कडेपलीकडच्या गवतात उडालं. वारा खिंडीकडे. गाव गेलेलं बाजाराला. सारजानं एकटीनं आगीच्या पुढं पट्टा खरवडत नेला, देवळापासून पार ओढ्यापर्यंत. दहा माणसांचं चार दिवसांचं काम, आणि तिनं ते एका दुपारीत केलं, असं म्हणतात. आग पट्ट्यापाशी आली आणि दमलेल्या गुरासारखी खाली बसली, असंही म्हणतात. लोक धावत आले, तेव्हा पलीकडचा अख्खा डोंगर गवतासकट उभा होता. पट्ट्याच्या टोकाला कुदळ पडली होती. सारजा नव्हती. कुणी म्हणतं ओढ्यानं नेली, कुणी म्हणतं देवीनं. मला विचाराल तर ती आणखी पुढच्या वळणावर जाऊन उभी राहिली असेल, वाट बघत.

आजही दिवाळी सरली की घरटी एक माणूस पहाटे कुदळ घेऊन रस्त्यावर येतं. त्या कडेला आम्ही सारजाचा पट्टाच म्हणतो. आणि कुणी म्हातारा ड्रायव्हर देवळापाशी उतरला, की गावातलं जे कुणी तिथं असेल ते त्याला तांब्याभर पाणी देतं आणि सांगतं, "सारजा रागावली नव्हती हो तुमच्यावर." ड्रायव्हर बिचारे बघतच राहतात. पण काय करणार? बयाजीचा चेहरा आता कुणालाच आठवत नाही, म्हणून सगळ्यांनाच सांगावं लागतं.